उभी राहिली की तापते

१

कळंबच्या भर बाजारपेठेत, मारुतीचं देऊळ समोर दिसत असताना, हिंमतरावांच्या काळ्या मोटारीनं वाफेचा लोट सोडला आणि नवरदेव मुंडावळ्या सावरत खाली उतरला. बँडवाल्यांनी वाजवणं थांबवलं. बॉनेटच्या फटीतून उकळतं पाणी उडत होतं आणि करवल्या शालू उचलून मागं पळत होत्या.

आमच्याकडं लग्नाआधी नवरदेव मिरवत मारुतीच्या दर्शनाला जातो, त्याला परण्या म्हणतात. पूर्वी परण्या घोड्यावरून निघायचा. गावात मोटार आल्यापासून ज्याला त्याला मोटारच हवी, आणि मोटार गावात एकच. धान्याचे मोठे अडते हिंमतराव कुणाला नाही म्हणत नसत. परण्यात गाडी दिली की त्यांची छाती फुगायची. त्यामुळं ती अशी चारचौघांत फसफसली तेव्हा नवरदेवापेक्षा त्यांचंच तोंड जास्त लाल झालं.

"तिसरा परण्या हाय ह्यो," ते ड्रायव्हरला म्हणाले. "बार्शीला जाती, सोलापूरला जाती, तवा हिला कायबी होत न्हाय. लग्नातच बरी तापती?"

ड्रायव्हर सादिक फडक्यानं हात पुसत होता. तो काही बोलायच्या आत टांगेवाला सरदार घोडी घेऊन पुढं आला. घोडीवर खोगीर होतं, कपाळाला गोंडा होता, जणू कुणी आधीच सांगून ठेवलं होतं. नवरदेव घोडीवर चढला आणि परण्या पुढं निघाला.

हिंमतरावांनी एकदा घोडीकडं पाहिलं, एकदा सादिककडं. सादिक आणि सरदार एकाच गल्लीत राहतात हे सगळ्या कळंबला ठाऊक होतं.

"किल्ली दे," ते म्हणाले. "मीठ माझं खायचं आन् गाडी उकळायची सरदारासाठी? नमकहराम."

हा शब्द त्यांनी सगळ्या वऱ्हाडासमोर वापरला. सादिकनं किल्ली त्यांच्या हातावर ठेवली आणि मान खाली घालून निघून गेला. मी तिथंच उभी होते. मला फार वाईट वाटलं, आणि हिंमतरावांचा रागही आला.

२

माझं नाव सत्यभामा. आमचे हे, डॉक्टर मल्लिकार्जुन, कळंबच्या गुरांच्या दवाखान्यात होते. मराठी राज्य नुकतंच झालं होतं, साहेब लोक बदलत होते, पण ढोरं तीच होती आणि त्यांची दुखणीही तीच. ह्यांचा स्वभाव असा, की आजारी म्हशीशी तासभर गप्पा मारतील आणि माझ्या प्रश्नाला नुसतं "हं" म्हणतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी सादिक आमच्या ओसरीवर आला. मी चहा ठेवला, पण त्यानं कपाला हात लावला नाही.

"डाक्टरसाब, नोकरीचं काय न्हाय," तो म्हणाला. "नोकरी दुसरी मिळंल. पण वाशीहून निरोप आलाय."

कळंबजवळच्या वाशी गावच्या खाजामियाँच्या मुलीशी, नसीमबीशी, त्याचं लग्न ठरलं होतं. खाजामियाँचं कापडाचं लहानसं दुकान होतं, माणूस शब्दाचा पक्का. त्यांनी कळवलं होतं, की गरीब जावई चालेल, पण मालकाला दगा दिला म्हणून ज्याचं नाव झालंय त्याच्या घरी मी पोरगी देणार नाही. शुक्रवारी सुपारी परत पाठवतो.

"तू काही केलंस का?" ह्यांनी सरळ विचारलं.

"न्हाय साब."

"मग गाडीला काय झालंय?"

"त्येच तर कळंना. पानी भरून निघतो. रेडिएटर धुतला, जाळी साफ केली. सोलापूरच्या मिस्त्रीनं सगळं खोलून बघितलं. पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबून बघितला, तरी त्यानं आणखी ताणला. पट्टा तर नव्यावानी चमकतोय."

हे मांडी घालून बसले. एखाद्या बैलाचा मालक समोर असावा तसे प्रश्न सुरू झाले. कधीपासून? कुठं? किती वेळानं?

"दसऱ्यानंतर. खंडेनवमीला सुट्टी घेऊन वाशीला गेलतो, तवर ठीक हुती. दिवाळीपातूर बार्शीच्या फेऱ्या केल्या, कायबी न्हाय. तुळशीचं लगीन झालं आन् परण्ये सुरू झाले, तवापासून."

"मागच्या वैशाखात परण्याला नेली होतीस ना? वैशाखातल्या उन्हात तापली होती?"

सादिक विचारात पडला. "न्हाय. एकबी डाव न्हाय."

"म्हणजे भर उन्हाळ्यात थंड आणि ह्या थंडीत गरम," हे म्हणाले. मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, जो ते प्रत्येक गुरख्याला विचारतात. "दुसरं काय दुखतंय तिचं?"

"दुसरं?"

"तापाशिवाय. दुखणं एका ठिकाणी दिसतं आणि असतं दुसरीकडंच. आठव."

सादिकनं बराच वेळ आठवलं. "बॅटरी बसती साब. हॉर्न पिपाणीवानी वाजतो. हल्ली हॅन्डल मारल्याबिगर सुरूच होत न्हाय. पण त्याचा आन् पान्याचा काय संबंध?"

ह्यांनी चहाचा कप त्याच्यापुढं सरकवला. "पी आधी. शुक्रवार अजून लांब आहे."

३

सगळ्या गावाचा संशय सरदारवर होता. कुणी म्हणे त्यानं रेडिएटरमध्ये गूळ टाकला, कुणी म्हणे चिंच. ह्यांना त्याच्याकडं जायची गरज पडली नाही. त्याची घोडी पुढच्या पायानं लंगडत होती, म्हणून तोच दवाखान्यात आला. घोडीचा खूर हातात धरून ह्यांनी विषय काढला.

"सरदार, परवा घोडी सजवून कसा काय उभा होतास?"

सरदार मोकळेपणानं हसला. "डाक्टरसाब, दोन डाव गाडी उकळली, तिसऱ्या डावालाबी उकळंल हे कळायला काय अक्कल लागती? दोन्ही टायमाला लोक माझ्या दारात पळत आले. म्हणलं, ह्या बारीला आपनच जावं. माझी रोजी त्या गाडीनं नेली, मी काय रडत बसू?"

"गाडीला हात लावलास?"

"हात? त्या डब्याला? माझी घोडी रुसंल."

मी दाराशी उभी होते. माणूस खोटं बोलत नव्हता असं मला वाटलं. पण गावाला कसं पटवणार? ह्यांनी खुरात अडकलेला खडा काढला आणि घोडीनं पाय झटकला.

"जवळ उभा होतास, तर काही दिसलं का? ऐकू आलं का?"

"दिसलं तर सगळ्यांनाच. पर एक सांगतो. वाफ निघायच्या आधी वास आला. भजी तळल्यावानी. मला वाटलं मांडवात भजी केली. म्हणून परण्या झाल्यावर जेवायला बसलो, तर वांगं आन् शिरा. भजीचा पत्ता न्हाय." ह्या गोष्टीचं त्याला अजून दुःख होतं. "आधीच्या लग्नातबी घोडी घेऊन गाडीपाशी पोचलो तवा तसंच. वास भजीचा आन् पानात भलतंच."

हे खूर सोडून उभे राहिले आणि माझ्याकडं बघायला लागले.

"अगं, तू होतीस ना तिथं?"

होते. आणि आता आठवलं, की बँडमागून चालताना मलाही तो वास आला होता. मी मनात म्हटलं होतं, आज तळणीला शेंगदाण्याचं तेल नाही दिसत, करडईचं आहे.

४

हिंमतरावांच्या घरी जायला निमित्त होतं. त्यांची गाभण म्हैस ह्यांना बघायचीच होती. मी द्वारकाबाईंशी बोलायला आत गेले. द्वारकाबाई म्हणजे हिंमतरावांच्या पत्नी, आणि गावात म्हणत की मोटारीची खरी वैरीण तीच.

"व्हय, न्हायच आवडत मला," त्यांनी लपवलं नाही. ज्वारी पाखडता पाखडता त्या बोलत होत्या. "बैलगाडीत बसलं की रस्त्यानं चार माणसं बोलत्यात. मोटारीत बसलं की नुसती धूळ. पर म्हनून म्या बिघडवीन व्हय? मला तिचं दार उघडता येत न्हाय."

"घरात करडईचं तेल कुठलं वापरता हो?" मी सहज विचारल्यासारखं केलं.

"घाण्यावरचं. आन् काय सांगू डाक्टरीणबाई, पुरतच न्हाय. विहिरीवर विंजन बसलं, मोट माळ्यावर गेली. मोटेच्या चामड्याच्या वादीला तेल लागायचं, ते आता वाचाया पायजे का नको? तरी दर अवसेला वाटीभर तेल गोठ्याकडं जातंच. कुठं मुरतं ते तुळजाभवानीलाच ठावं."

मी बाहेर आले तेव्हा हे गोठ्याशी उभे राहून लिंबाजीशी बोलत होते. लिंबाजी त्या घरचा जुना गडी, हिंमतरावांच्या वडिलांच्या वेळेपासूनचा. गोठ्याच्या पलीकडच्या पडवीत मोटार उभी असे आणि तिची झाडलोट तोच करी. मी ह्यांच्या कानात वाटीभर तेलाचं सांगितलं.

"लिंबाजी," हे म्हणाले, "बैलांच्या घुंगरमाळांच्या चामड्याला तेल कोण लावतं?"

"म्याच की."

"किती लागतं?"

"बोटभर. चोपडलं की झालं."

"मग अवसेला वाटीभर तेल येतं, त्यातलं बाकीचं कुठं जातं?"

लिंबाजीनं डोक्यावरचं मुंडासं काढलं आणि पुन्हा बांधायला घेतलं.  बांधता बांधता त्याचे डोळे एकदा पडवीकडं जाऊन आले.

परत येताना मी म्हटलं, "लिंबाजीच तो. बिचाऱ्याची नोकरी जाणार आता."

"लिंबाजी चोरी लपवत नाहीये," हे म्हणाले. "तो कुणाची तरी अदब राखतोय."

५

शुक्रवारी सकाळी ह्यांनी सादिकला हिंमतरावांच्या अंगणात बोलावलं. खाजामियाँचा माणूस दुपारच्या एस.टी.नं सुपारी घेऊन यायचा होता. सादिकचा डोळ्याला डोळा लागला नव्हता हे दिसतच होतं. हिंमतराव बाजेवर बसले होते, नाराज होते, पण डॉक्टरांना नाही कसं म्हणायचं म्हणून गप्प होते. सरदारलाही ह्यांनी बोलावलं होतं आणि तो भिंतीला टेकून उभा होता.

"हिंमतराव, तुमचं म्हणणं गाडी लग्नातच तापते," ह्यांनी सुरुवात केली. "आज इथं लग्न नाही. सादिक, सुरू कर, आणि आहे तिथंच उभी ठेव."

हॅन्डल मारून इंजिन सुरू झालं. आम्ही सगळे बघत बसलो. सुरुवातीला काहीच झालं नाही, आणि हिंमतराव मिशीत हसायला लागले. मग इंजिनाचा आवाज जड झाला. रेडिएटरच्या झाकणापाशी शिट्टीसारखा आवाज यायला लागला, आणि अंगणात भजी तळल्याचा वास पसरला.

"ह्योच," सरदार म्हणाला. "ह्योच त्यो वास."

झाकणातून वाफ आली तशी ह्यांनी हात केला आणि सादिकनं इंजिन बंद केलं. कुणीही जवळ गेलं नव्हतं. कुणी गूळ टाकला नव्हता की चिंच.

"म्हणजे लग्नाचा काही संबंध नाही," हे म्हणाले. "गाडी पळते तेव्हा समोरचा वारा रेडिएटरला गार ठेवतो. परण्यात ती बँडवाल्यांच्या मागं उभीच असते. तेव्हा वारा घालायचं काम एकट्या पंख्याचं. पंखा काम करत नसेल, तर गाडी उभी राहिली की तापणार."

"पर पंखा फिरतोय की," हिंमतराव म्हणाले. "म्या डोळ्यांनी बघितला."

"फिरतोय. पण हवा तेवढा फिरतोय का? आता दुसरं दुखणं. बॅटरी बसते. बॅटरी भरणारा डायनामो आणि हा पंखा, दोन्ही एकाच पट्ट्यावर चालतात. दोघंही एकाच वेळी आजारी पडले, तर मी पट्ट्यालाच दोष देईन."

"पट्टा ताठ हाय साब," सादिक म्हणाला. "मिस्त्रीनं ताणलाय."

"ताठ आहे, खरं आहे. सगळ्यांनी अंगठ्यानं दाबून बघितला आणि सोडून दिला." इंजिन जरा निवल्यावर ह्यांनी बॉनेटखाली हात घातला आणि पंख्याचं एक पातं दोन बोटांनी ओढलं. पंखा सहज फिरला. पट्टा मात्र जागचा हलला नाही. पंख्याची कप्पी त्याच्या आत गुळगुळीत सरकत होती.

सादिक वाकून बघत राहिला.  "घसरतोय," तो म्हणाला. "ताठ हाय तरी घसरतोय."

ह्यांनी खिशातला पांढरा रुमाल काढला, पट्ट्याच्या आतल्या बाजूनं फिरवला आणि माझ्या हातात दिला. रुमालावर काळा, चिकट डाग होता. मी वास घेतला. स्वयंपाकघरात आयुष्य गेलेल्या बाईला त्यासाठी दुसऱ्यांदा नाक लावावं लागत नाही.

"करडईचं तेल," मी म्हटलं.

६

हिंमतराव ताडकन उठले. "बघा. म्या म्हनत हुतो ना? कुणीतरी तेल ओतलंय. सादिक, आता बोल."

"थांबा," हे म्हणाले. "तेल ओतलेलं नाही. ओतलं असतं तर सगळीकडं उडालं असतं आणि मिस्त्रीला दिसलं असतं. हे हातानं, बोटानं, पट्ट्याच्या आतल्या अंगाला मुरवलंय. परत परत. चांगल्या मनानं लावलेलं तेल आहे हे. ज्याला गाडी बिघडवायची असती त्यानं पट्टा कापला असता. ज्यानं हे केलं, त्याला पट्टा टिकवायचा होता."

 द्वारकाबाई दारात येऊन उभ्या होत्या.

"दसऱ्याच्या आधी गाडी ठीक होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घरातल्या हत्यारांची, औतांची पूजा होते. सादिक त्या दिवशी सुट्टीवर, वाशीला. पुढं दर अवसेला सकाळी, सादिक यायच्या आत, वाटीभर तेल इकडं येतं. मोट तर माळ्यावर आहे. लिंबाजी बैलांना बोटभर तेल लावतो. मग उरलेल्या तेलानं कोणती वादी माखली जाते? लिंबाजी, वाटी कोण धरतं?"

"म्या," लिंबाजी जमिनीकडं बघत म्हणाला.

"आणि तेल कोण लावतं?"

लिंबाजी मान वर करेना. उत्तर बाजेपासून आलं.

"म्या लावतो," हिंमतराव म्हणाले. त्यांच्या आवाजात अजून रागच होता, पण तो आता कुणावर काढायचा हे त्यांना कळत नव्हतं. "त्यात काय चुकलं? आमच्या घरची रीत हाय. मोटेच्या वादीला घरच्या कर्त्यानं आपल्या हातानं तेल लावायचं, गड्याला सांगायचं न्हाय. माझ्या बापाची वादी कंदी तडकली न्हाय. मोट गेली, गाडी आली. हिच्यात एवढी एकच वादी हाय, मग तिला लावलं."

"ती चामड्याची वादी नाही, हिंमतराव. चामडं तेलानं मऊ होतं आणि टिकतं. हा रबराचा पट्टा आहे, त्यानं कप्पीला घट्ट धरलं तर पंखा फिरायचा. तुम्ही जितक्या मायेनं तेल लावलंत तितकी त्याची पकड सुटली. चेपून घसरून त्याला चमक आली, आणि सगळ्यांना वाटलं पट्टा नवा आहे."

सरदार तोंडावर हात ठेवून हसू दाबत होता. मी त्याच्याकडं डोळे वटारले, तरी खरं सांगायचं तर मलाही हसू येत होतं. हिंमतरावांना मात्र हसू आलं नाही. ते हळूच बाजेवर बसले. भर बाजारात नमकहराम म्हटलेलं त्यांना आठवत असावं.

द्वारकाबाई दारातूनच म्हणाल्या, "जे चारचौघांत बोलला ते चारचौघांतच मागं घ्या. चला बाजारात."

"बाजारात नगं मालकीण," सादिक म्हणाला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा आवाज चढला होता. "बाजार इसरून जाईल. मालक, बोलायचंच तर वाशीला चला. दुपारची एस.टी. निघायच्या आत."

हिंमतराव बाजेवरून उठले. मग कमरेची किल्ली काढली.

"पट्टा?" त्यांनी विचारलं.

"जादा पट्टा गाडीतच हाय," सादिक म्हणाला. "त्याला कुणाचं तेल लागलेलं न्हाय."

७

कप्प्या पेट्रोलच्या फडक्यानं पुसून नवा पट्टा चढवला आणि आम्ही वाशीला निघालो. हिंमतरावांनी मलाही बोलावलं. साक्षीला बाईमाणूस असलेलं बरं, म्हणाले. 

खाजामियाँ दुकानाच्या पायरीवरच भेटले. बारीक, पांढऱ्या दाढीचा माणूस. सुपारीची पुरचुंडी बांधून तयार होती. हिंमतरावांनी चपला काढल्या, उभ्यानंच सगळं सांगितलं. तेलाचं सांगताना अडखळले, पण सांगितलं. "पोराचा काय दोष न्हाय. माझा हाय. माझ्या तोंडून वंगाळ शब्द गेला."

खाजामियाँनी ऐकून घेतलं. "मालक, तुमी मोठी माणसं," ते म्हणाले. "तवा तसं बोलला, आज असं बोलता. उद्या परत गाडी तापली म्हंजे?"

हिंमतरावांना ते लागलं. एरवी असं बोलणाऱ्याला त्यांनी उभं केलं नसतं. आज मात्र ते वळले आणि सादिकला म्हणाले, "गाडी सुरू कर. हितंच उभी ठेव. खाजामियाँनी सांगेपातूर बंद करायची न्हाय."

मोटार दुकानासमोर उभी राहून चालू राहिली. आम्ही आत बसलो. शरिफाबीनं, नसीमबीच्या आईनं, चहा केला. चहा झाला, मग पोहे आले, मग पावसापाण्याच्या गोष्टी निघाल्या. मधेच दाराचा पडदा हलायचा आणि मागं बांगड्या वाजायच्या. बाहेर इंजिन एका सुरात घुमत होतं. हिंमतराव तोंडानं ज्वारीच्या भावाचं बोलत होते, पण त्यांचे कान बाहेर होते. माझेही होते. सादिक गाडीशेजारी उभा होता आणि त्यानं एकदाही बॉनेटकडं पाहिलं नाही. 

सावली पायरीवरून खाली सरकली तेव्हा खाजामियाँ उठले. गाडीपाशी गेले आणि रेडिएटरच्या अंगावर तळहात ठेवला. हात लगेच मागं घेतील असं मला वाटलं. त्यांनी तो ठेवलाच. कोमट लागत असावं. मग ते सादिकला म्हणाले, "बंद कर आता. पेट्रोल कशाला जाळतो? तारीख धरायला मौलवीसाबकडं जायचंय, चालत जाऊ."

सादिकनं आत वाकून इंजिन बंद केलं. तो तसाच वाकलेला राहिला, बाहेर आलाच नाही. त्याचे खांदे हलत होते. मग कळलं, की तो स्टेअरिंगवर डोकं टेकून रडतोय.

हिंमतरावांना काय करावं ते सुचेना. ते गाडीच्या दाराशी जाऊन उभे राहिले.  त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि डोळे पुसायला त्याच्या हातात दिलं.